पेशीचं पटल वाकतं कसं?

फळमाशीचा एक वाण प्रयोगशाळांमध्ये गेली पन्नास वर्षं सांभाळला जातो आहे. एरवी ही माशी चारचौघींसारखी चालते, उडते, अंडी घालते. पण तिच्या नळीतलं तापमान 29 अंश सेल्सिअसच्या वर नेलं की मिनिट-दोन मिनिटांत ती लुळी पडते. पाय हलत नाहीत, पंख हलत नाहीत. मेली म्हणावं तर तेही नाही, कारण नळी थंड केली की थोड्याच वेळात ती उठते आणि काही झालंच नाही अशी चालू लागते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सापडलेल्या या उत्परिवर्तनाला 'शिबिरे' असं नाव पडलं. हा जपानी शब्द आहे, अर्थ बधिर होणं.

तिच्या चेतापेशींच्या टोकाशी काय घडतं ते पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. चेतापेशीच्या टोकात संदेशरसायनांनी भरलेल्या इवल्या पिशव्या असतात. संदेश द्यायचा झाला की पिशवी पेशीच्या बाहेरच्या पटलाला जाऊन मिळते आणि रिकामी होते. मग पेशी तेवढंच पटल पुन्हा आत ओढून त्याची नवी पिशवी बनवते. शिबिरे माशीला उष्णता लागली की ही परतीची वाट बंद होते. पटल आत वळतं, त्याची पिशवी फुगते, मागे एक बारीक मान तयार होते, आणि काम तिथेच अडकतं. मान तुटत नाही. जुन्या पिशव्या वापरून संपतात, नव्या लटकलेल्याच राहतात, स्नायूंपर्यंत निरोप पोचत नाही. 1991 साली कळलं की बिघडलेलं जनुक 'डायनामिन' नावाच्या प्रथिनाचं आहे. हे प्रथिन पिशवीच्या मानेला वेढा घालून ती तोडतं.

मान तुटायच्या आधी ती तयार व्हावी लागते, आणि त्याआधी सपाट पटल वाकावं लागतं. ते कोण वाकवतं, कशाच्या जोरावर, आणि योग्य वेळी योग्य प्रथिन त्या जागी कसं येतं, याबद्दल मला लिहायचं आहे.

शाळेत पेशीची आकृती काढताना आपण बाहेरून एक गोल रेघ ओढतो, तिला 'पेशीपटल' असं नाव देतो आणि आतल्या भागांकडे वळतो. त्या रेघेने बरंच नुकसान केलं आहे असं मला वाटतं. तिच्यामुळे पटल म्हणजे कुंपण अशी समजूत होते, एकदा घातलं की जागचं न हलणारं. प्रत्यक्षात पेशीचं पटल सतत हलत, वळत, फुगत, तुटत आणि जुळत असतं. पेशीच्या आतही पटलांचे थरच्या थर असतात. तंतुकणिकांच्या आतल्या घड्या, आंतर्द्रव्यजालिकेच्या नळ्या, गॉल्गी पिंडाच्या चपट्या पिशव्या, ही सगळी वाकवलेलीच पटलं.

हे पटल अतिशय पातळ आहे. त्याची जाडी साधारण 4 ते 5 नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एखादी 10 मायक्रोमीटरची पेशी फुगवून 10 मीटर रुंदीची केली, तर तिचं पटल जेमतेम 5 मिलिमीटर जाडीचं होईल.

बनलं आहे ते मेदरेणूंचं. प्रत्येक मेदरेणूला पाण्याकडे झुकणारं एक डोकं आणि पाण्यापासून पळणाऱ्या बहुधा दोन शेपट्या असतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन थरांत रचले जातात: डोकी बाहेर, शेपट्या आत, एकमेकींना लागून. थर दोन आहेत हे 1925 साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी सांगितलं. तांबड्या रक्तपेशींतला सगळा मेद काढून त्यांनी तो पाण्यावर एका थरात पसरला, तेव्हा त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट भरलं. त्यांच्या प्रयोगात दोन चुका होत्या. मेद पूर्ण निघाला नव्हता, आणि पेशींचं पृष्ठफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन्ही चुका एकमेकींना पुरून उरल्या आणि उत्तर बरोबर आलं.

एक गोष्ट मात्र मनात पक्की धरायला हवी. हे दोन थर एकमेकांना चिकटवलेले नाहीत आणि थरातले रेणू बांधलेले नाहीत. ते आपापल्या थरात इकडून तिकडे सहज सरकतात. पटल म्हणजे दोन मितींमध्ये पसरलेला द्रव. त्यात असंख्य प्रथिनं तरंगतात. हे चित्र सिंगर आणि निकोलसन यांनी 1972 साली मांडलं आणि ते मुख्यतः आजही टिकून आहे.

वाकवायला किती जोर लागतो?

द्रवासारखं म्हणजे लिबलिबीत, तेव्हा त्याला वाकवण्यात काय अवघड, असं वाटू शकतं. इथे पटलाचा स्वभाव नीट बघावा लागतो. त्याला ताणलेलं अजिबात चालत नाही. क्षेत्रफळ शेकडा तीन-पाच टक्क्यांनी वाढवलं की ते फाटतं. वाकणं मात्र त्याला त्या मानाने सोपं जातं. सोपं म्हणजे किती, ते आकड्यांत सांगता येतं.

पेशीतला प्रत्येक रेणू उष्णतेमुळे सतत थरथरतो, शेजाऱ्यांना धडकतो. अशा एका सरासरी धडकेतल्या ऊर्जेला या लेखापुरतं 'एक धक्का' म्हणू. पटलाचा वाकण्याला होणारा विरोध या मापात साधारण 20 धक्के भरतो. हा आकडा मला फार नेमका वाटतो. तो एक-दोनच असता, तर नुसत्या उष्णतेने पटल चुरगळत राहिलं असतं आणि कुठलाच आकार टिकला नसता. तो हजारांत असता, तर प्रथिनांच्या ताकदीबाहेर गेलं असतं. वीस म्हणजे आपोआप वाकणार नाही, पण चार प्रथिनांनी मनावर घेतलं तर वाकेल.

पटल वाकवण्याचा हिशेब करण्याचं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग हेल्फरिश यांनी 1973 साली मांडलं. (त्याआधी 1970 मध्ये मार्टिन शाट यांच्यासोबत त्यांनी द्रव-स्फटिकांच्या ज्या रचनेचा शोध लावला, तिच्यावर पुढे घड्याळांचे आणि संगणकांचे पडदे उभे राहिले. पेशीपटल हाही एक द्रव-स्फटिकच, त्यामुळे त्यांची नजर इकडे वळली यात नवल नाही.) या गणितातून एक चकित करणारी गोष्ट निघते. सपाट पटलातून पूर्ण गोल पिशवी करायला लागणारी ऊर्जा पिशवीच्या आकारमानावर अवलंबून नसते. लहान पिशवीत वाक जास्त, पण पटल कमी. मोठीत वाक कमी, पण पटल जास्त. दोन्ही बाजू तंतोतंत फिटतात. पिशवी 40 नॅनोमीटरची असो की 400ची, खर्च साधारण 500 धक्क्यांचा.

पेशीत ऊर्जेचं चलन म्हणजे एटीपीचा रेणू. तो मोडल्यावर साधारण 20 धक्क्यांएवढी ऊर्जा मिळते. म्हणजे एका पिशवीचा खर्च पंचवीसेक एटीपी. पेशीच्या मानाने ही रक्कम किरकोळ. अडचण रकमेची नाहीच. तो जोर एकाच जागी, एकाच दिशेला, काही सेकंदांत लावायचा कसा, ही खरी अडचण. एकटंदुकटं प्रथिन पटलाला चिकटतं तेव्हा हाती येतात फार तर मोजके धक्के. म्हणून वाकवण्याचं काम नेहमीच घोळक्याने होतं.

आणखी एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं. 40 नॅनोमीटर व्यासाची पिशवी घ्या. तिचं पटल 4 नॅनोमीटर जाड. बाहेरच्या पृष्ठाची त्रिज्या 20, आतल्या पृष्ठाची 16. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणून बाहेरचं पृष्ठ आतल्याच्या दीडपटीहूनही मोठं भरतं. सपाट असताना दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या. म्हणजे पटल वाकवणं म्हणजे एका थराला दुसऱ्यापेक्षा जास्त जागा व्यापायला लावणं. प्रथिनांच्या बऱ्याच युक्त्या या एका वाक्यात बसतात.

थोडं काम मेदरेणू स्वतःही करतात. काहींचं डोकं मोठं आणि शेपट्या बारीक, काहींचं उलट. एका प्रकारचे रेणू एकाच थरात जमले की तो थर आपसूक कलतो. पण नुसत्या मेदांच्या भरवशावर नेमक्या जागी नेमकी पिशवी बनत नाही.

एका मिनिटात बनणारी पिशवी

पेशीला बाहेरून काही आत घ्यायचं असतं तेव्हा काय होतं ते पाहू. उदाहरणार्थ, रक्तातून येणारे कोलेस्टेरॉलचे कण. त्यांना धरणारी ग्राही प्रथिनं पटलातून आरपार गेलेली असतात. एक टोक बाहेर कण पकडतं, दुसरं आत लोंबतं. आतल्या बाजूला 'एपी-2' नावाचं जोडप्रथिन येऊन या टोकांना धरतं. त्याच वेळी ते पटलाच्या आतल्या थरातल्या एका विशिष्ट मेदालाही धरतं. 'पिप-2' हा तो मेद. दर शंभर मेदरेणूंत एखादाच सापडणारा, पण ऋणभाराने गच्च. पेशीसाठी तो खुणेच्या दगडासारखा आहे: पुढचं काम इथे सुरू करा.

आता एप्सिन नावाचं प्रथिन येतं. पाण्यात असताना एप्सिनच्या टोकाचा तुकडा सैल, बिनआकाराचा लोंबत असतो. पिप-2ला स्पर्श झाला की तो तुकडा गुंडाळला जाऊन मळसूत्रासारखा होतो. या मळसूत्राची एक बाजू पाण्याला मानवणारी, दुसरी मेदाला. त्यामुळे ते पटलात पूर्ण बुडतही नाही आणि वरही राहत नाही, फक्त आतल्या थराच्या डोक्यांमध्ये आडवं रुततं. लाकडाच्या फटीत पाचर ठोकावी तसं. पाचर एकाच थरात गेली, त्या थराची जागा वाढली, आणि पटल त्या बाजूला फुगू लागलं. 2002 साली केंब्रिजमधल्या संशोधकांनी हे दाखवलं. गोल मेदपिशव्यांमध्ये त्यांनी एप्सिन मिसळलं, आणि त्या पिशव्यांच्या बारीक नळ्या झाल्या.

पाचरीच्या पाठोपाठ क्लॅथ्रिन. हे माझ्या सर्वांत आवडीचं प्रथिन, म्हणून इथे जरा थांबतो.

1964 साली रॉथ आणि पोर्टर डासाच्या मादीच्या अंडपेशी बघत होते. रक्त प्यायल्यावर या पेशी अंड्यातला बलक बनवणारी प्रथिनं भराभर आत घेतात. पटलावर त्यांना खड्डे दिसले आणि प्रत्येक खड्ड्याच्या आतल्या बाजूला केसाळ अस्तर. 1969मध्ये कानासेकी आणि कादोता यांनी ते अस्तर म्हणजे षट्कोन-पंचकोनांची टोपली आहे हे दाखवलं. मग बार्बरा पियर्स यांनी डुकराच्या मेंदूतून अशा पिशव्या शुद्ध वेगळ्या केल्या आणि टोपली एकाच मोठ्या प्रथिनाची आहे हे ओळखलं. जाळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी 1976 साली त्याला क्लॅथ्रिन हे नाव दिलं. या प्रथिनाचा एक सुटा घटक तीन पायांचा असतो, तिन्ही पाय एकाच दिशेला किंचित वळलेले. शेजारच्या घटकांचे पाय एकमेकांवर पडतात, गुंततात आणि जाळी विणली जाते.

आता भूमितीची गंमत. नुसते षट्कोन जोडत गेलं की सपाट जाळी होते. ती कधीच बंद होत नाही. तिला गोल मिटवायचं असेल तर मध्ये पंचकोन लागतात, आणि ते बरोबर 12 लागतात. षट्कोन कितीही असोत, पंचकोन 12च. हा अठराव्या शतकातल्या ऑयलरच्या गणिताचा निष्कर्ष, आणि फुटबॉलच्या शिवणीतही तो दिसतो: 12 पंचकोन, 20 षट्कोन. क्लॅथ्रिनच्या टोपलीला याच नियमाने चालावं लागतं. त्यातल्या त्यात लहान टोपल्या 28 किंवा 36 घटकांच्या असतात. मोठा ऐवज आत घ्यायचा असेल तर षट्कोन वाढवायचे, टोपली मोठी होते. सुट्या भागांचं एकच माप ठेवून वेगवेगळ्या आकारांची गोल टोपली करण्याची याहून चांगली रीत मला तरी सुचत नाही.

मात्र क्लॅथ्रिन थेट पटलाला धरत नाही. एपी-2 आणि एप्सिनसारखे मध्यस्थ त्याला पटलाशी बांधतात. आणि ही टोपली पहिल्यापासून वळलेली विणली जाते, की आधी सपाट पसरून मग वळते, यावर गेली काही दशकं वाद चालू आहे. सपाट जाळीला वळायचं तर षट्कोनांचे पंचकोन व्हायला हवेत, म्हणजे विणलेले घटक उसवून पुन्हा विणायला हवेत. हे अशक्य वाटायचं. पण चमकणारं क्लॅथ्रिन वापरून केलेल्या प्रयोगांत दिसलं की जाळीतले घटक काही सेकंदांतच बाहेरच्या घटकांशी अदलाबदल करत असतात. जाळी दिसते स्थिर, असते वाहती. दोन्ही बाजूंना प्रामाणिक पुरावे आहेत, आणि पेशी प्रसंग पाहून दोन्ही वाटा वापरत असावी असा माझा कल आहे.

पिशवी आता जवळजवळ गोल झाली आहे, मागे मान उरली आहे. इथे 'बार' कुळातली प्रथिनं येतात. 2004 साली फळमाशीच्या ॲम्फिफायसिन या प्रथिनाची रचना स्फटिकातून उलगडली आणि ती पाहून या क्षेत्रातल्या लोकांना फार आनंद झाला असणार, कारण आकारच काम सांगत होता. दोन प्रथिनं पाठीला पाठ लावून एक चंद्रकोर करतात. कोरीच्या आतल्या बाजूला धनभार, पटलाच्या आतल्या थरावर ऋणभार. कोर पटलावर बसली की पटल तिच्या वळणाला धरून वाकतं. या कोरीची त्रिज्या साधारण 11 नॅनोमीटर, पिशवीच्या मानेला साजेशी. याच कुळात काहींची कोर पसरट आहे, ती रुंद नळ्यांवर बसते. काहींची चक्क उलटी फुगलेली आहे, आणि ती पटलाला पेशीच्या बाहेर बोटासारखं ढकलायला मदत करते. एकाच घडणीत वाक कमी-जास्त करून वेगवेगळी कामं साधली आहेत.

चंद्रकोरी मानेवर जमल्या की त्यांच्या मागून डायनामिन येतं आणि मानेभोवती मळसूत्री वेढे घेतं. जीटीपी हा एटीपीचा भाऊबंद. तो मोडून मिळालेल्या ऊर्जेने वेढे आवळले जातात. मानेची पोकळी काही नॅनोमीटरांवर आली की समोरासमोरची पटलं एकमेकांना भिडतात, आधी पोकळीकडचे थर जुळतात, मग त्यांच्या बाहेरचे, आणि पिशवी सुटते. सुटल्यावर काही सेकंदांत दुसरी प्रथिनं एटीपी खर्चून क्लॅथ्रिनची टोपली उसवतात. तिचे घटक मोकळे होऊन पुढच्या खड्ड्याकडे जातात. पहिल्या एपी-2पासून इथपर्यंत साधारण एक मिनिट.

वाक हाच निरोप

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते क्रमाचं. डायनामिन आधी येऊन चालत नाही, कारण मान नसताना तोडणार काय? पण पेशीत कुणी मुकादम उभा नाही. मग डायनामिनला वेळ कळते कशी?

उत्तर वाकात आहे. बार कुळातली प्रथिनं थोडीच असतील तेव्हा ती पटलाला वाकवत नाहीत. आधीच वाकलेली जागा शोधून तिथे बसतात. त्यांना सपाट पटल फिटत नाही. दाटी वाढली की तीच प्रथिनं वाकवायला लागतात. म्हणजे वाक ओळखणं आणि वाक घडवणं ही एकाच गुणाची दोन रूपं. थोडा वाक आला की तो वाक पसंत असणारी प्रथिनं येतात, त्यांनी वाक वाढवला की त्याहून जास्त वाक पसंत असणारी येतात. डायनामिन बार प्रथिनांच्या बोलावण्यावरून येतं आणि बारीक मानेवरच नीट वेढा घेऊ शकतं. प्रत्येक टप्प्याचा आकार हाच पुढच्या टप्प्याला निरोप.

गॉल्गी पिंडाच्या पिशव्यांवर याचं फार देखणं उदाहरण आहे. पटल खूप वाकलं की बाहेरच्या थरातल्या डोक्यांमध्ये फटी पडतात. एका प्रथिनाला या फटीच जाणवतात: ते सपाट पटलाकडे ढुंकूनही बघत नाही, पण वाकलेल्या पटलात रुतून बसतं. बसलं की टोपली सैल करण्याची क्रिया कितीतरी पटींनी वेगवान होते. पिशवी पुरेशी गोल झाली हे मोजायची पट्टी म्हणजे त्या फटी.

इतक्या नेमक्या घडणीच्या गोष्टी ऐकल्यावर 2012 सालचे प्रयोग मुद्दाम सांगायला हवेत. संशोधकांनी हिरवं चमकणारं प्रथिन घेतलं. ते जेलीफिशमधून आलेलं, पटल वाकवण्याशी त्याचा काही संबंध नाही. ते कृत्रिम पटलाच्या एका बाजूला दाटीवाटीने बांधलं, तर तेवढ्यानेच पटल वाकून नळ्या झाल्या. कारण सोपं आहे. गर्दीतली प्रथिनं एकमेकांना धडकतात. पटल बाहेरच्या अंगाला वाकलं की त्यांना हालचालीला जास्त जागा मिळते. म्हणजे नुसती गर्दीही वाकवू शकते. पेशीत या परिणामाचा वाटा किती, पाचरीचा किती, चंद्रकोरीचा किती, याचा हिशेब अजून लागायचा आहे. पण या प्रयोगांनंतर 'अमुक प्रथिन मिसळलं आणि नळ्या झाल्या' एवढ्यावरून ते खास वाकवणारंच आहे असं म्हणणं कठीण झालं, आणि ते बरंच झालं.

कधी मात्र ही सगळी तोकडी पडतात. यीस्टची पेशी भिंतीच्या आत पाण्याने टम्म फुगलेली असते. आतला दाब पटलाला भिंतीवर रेटत असतो. त्या दाबाविरुद्ध पटल आत ओढायला ॲक्टिनच्या, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या एका प्रथिनाच्या, तंतूंचा रेटा लागतो. ॲक्टिनची वाढ रोखली की यीस्टमध्ये पिशव्या आत येणं थांबतं.

उलटा वाक, कायमचा वाक

आतापर्यंत पिशवी पेशीच्या आत येत होती आणि मदत करणारी प्रथिनं तिच्या बाहेरून वेढा घालत होती. पटलाला उलट्या दिशेला, पेशीपासून दूर ढकलायचं असेल तर मानेला बाहेरून फास घालता येत नाही; जे करायचं ते मानेच्या आत शिरून. 'एस्कॉर्ट' नावाचा प्रथिनसंच हे करतो. त्याचे धागे मानेच्या आतल्या बाजूला गुंडाळ्या करतात आणि मान मिटवतात. पेशीविभाजनाच्या शेवटी दोन पेशींमधला पूल तोडायलाही हाच संच लागतो. एचआयव्ही विषाणूकडे मान तोडायची स्वतःची सोय नाही. पेशीतून बाहेर पडताना तो आपल्या प्रथिनाच्या एका छोट्या तुकड्याने एस्कॉर्टला बोलावून घेतो. 2001 साली हे उघड झालं. तो तुकडा काढला की विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर मानेने लटकलेले राहतात. शिबिरे माशीतल्या पिशव्यांची आठवण व्हावी असंच ते चित्र.

काही वाक तात्पुरते नसतात. तंतुकणिकेच्या आतल्या घड्यांच्या कडा फार तीव्र वळणाच्या असतात, आणि त्या कडांवर एटीपी बनवणाऱ्या विकराच्या जोड्या ओळीने उभ्या असतात. जोडीतली दोन विकरं एकमेकांशी कोन करून 'व्ही' अक्षरासारखी कललेली, म्हणून त्यांच्या खालचं पटल वाकतं. यीस्टमध्ये जोडी जुळू दिली नाही की घड्या जाऊन कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक थर होतात. ऊर्जा बनवणारं यंत्र स्वतःच्या कारखान्याला आकारही देतं.

कोलॅजेनचा प्रश्न मला फार दिवस छळत होता. कातडी, हाडं, कंडरा यांना बळकटी देणारं हे प्रथिन पेशीत बनतं तेव्हा साधारण 300 नॅनोमीटर लांबीची ताठ काठी असते. आणि आंतर्द्रव्यजालिकेतून माल नेणाऱ्या पिशव्या 60 ते 90 नॅनोमीटरच्या. काठी मावणार कशी? 2009मध्ये टँगो-1 नावाचं प्रथिन सापडलं. ते आतून कोलॅजेनला धरतं आणि बाहेरून पिशवीचं अस्तर विणणाऱ्या प्रथिनांना, म्हणजे माल तयार होईपर्यंत तोंड मिटू देत नाही. यातून मोठी पिशवी सुटते की दोन कप्प्यांना जोडणारा बोगदाच बनतो, यावर सध्या जोरदार काम चालू आहे.

आणि वाक चुकला तर? स्नायूपेशींमध्ये बाहेरचं पटल नळ्यांच्या रूपाने खोल आत गेलेलं असतं, म्हणून आकुंचनाचा इशारा सगळ्या तंतूंना एकदम मिळतो. या नळ्या घडवण्यात बार कुळातल्या बिन-1 या प्रथिनाचा मोठा हात आहे. बिन-1च्या किंवा डायनामिन-2च्या जनुकात बिघाड असला तर एक दुर्मीळ स्नायुदौर्बल्य होतं, ज्यात स्नायूपेशींची केंद्रकं कडेला राहण्याऐवजी मध्यभागी येतात. यातलं डायनामिन बहुधा दुबळं झालेलं नसतं, उलट गरजेपेक्षा जास्त सक्रिय झालेलं असतं. जिथे नळी टिकायला हवी तिथेही ते तोडतं. याच आजाराच्या एका गंभीर प्रकारात तिसरंच प्रथिन बिघडलेलं असतं. त्या प्रकारचे उंदीर घेऊन 2014 साली त्यांच्यातलं डायनामिन-2 कमी करून पाहिलं, तर त्यांचे स्नायू सुधारले आणि ते जास्त जगले. पटलाच्या भूमितीवरून सुरू झालेली वाट इथे उपचाराच्या दाराशी येते.

शेवटी एक असं प्रथिन, जे पटलाला वाकवतं आणि त्या वाकाचाच स्प्रिंगसारखा उपयोग करतं. 2010 साली आर्डेम पाटापूटियन यांच्या गटाला पिएझो प्रथिनं सापडली. त्या कामासाठी त्यांना 2021चं नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर. दाबणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. पिएझोला तीन लांब वळलेली पाती असतात, पंख्यासारखी. ही पाती स्वस्थ असताना आजूबाजूचं पटल वाडग्यासारखं खोलगट करून ठेवतात. पटलाला ताण बसला की वाडगा सपाट होऊ लागतो, पाती पसरतात आणि मधलं छिद्र उघडून विद्युतभारित कण आत शिरतात. हा लेख वाचताना पडद्यावर बोट फिरवलं असेल, तर बोटाच्या टोकाशी असलेल्या चेतातंतूंमधले पिएझो-2चे असे कितीतरी वाडगे क्षणभर सपाट झाले आणि बोट उचलताच पुन्हा खोल झाले.